कोंडीबानानांचा शेवटचा सीन

आमच्या मालकांना अख्खी आटपाडी आकाराम डायरेक्टर म्हणती. मी संयोगिता, त्यांची बायकू. सिनिमात कुनाला साडी नेसवायची, कुनाला च्या द्यायचा, उन्हात कुनाच्या डोक्यावर छत्री धरायची, ते समदं माज्याकडं.

सिनिमा काढायची ह्येंची एक रीत हाय. फुकटात मिळंल ते घ्यायचं. लगीन पायजे? कुनाच्या तरी मांडवात शिरायचं आनि आपली हिरवीन वऱ्हाडात उभी करायची. जत्रा पायजे? जत्रंची वाट बघायची. एकदा एसटी पंक्चर झाली, तर ह्येनी रस्त्यावरच हाणामारीचा सीन उरकला. खरंच भांडान लागलंय म्हणून कंडक्टर मधी पडला, त्यो बी सिनिमात हाय. लोक हसायची, मी बी हसायची.

आनि म्हातारा मरायचा असला की आमच्या शेजारचं कोंडीबानाना ठरल्यालं. असलं झ्याक मरायचं की बाया डोळ्याला पदर लावायच्या. मग उठून धोतर झाडत म्हणायचं, "आकाराम, एकदा तरी मला जगू दे की रं गड्या!"

नवा सिनिमा निम्मा झाला आनि नाना खरंच गेलं.

हे ढसाढसा रडलं. खोटं कशाला सांगू, लय जीव हुता. पर सावडणं झालं तसं नानांच्या बायकूकडं, धोंडुकाकीकडं गेलं. "काकी, सिनिमात नानांच्या दहाव्याचा सीन हाय. खराच दहावा घिऊ का?" काकी म्हणाली, "घे बाबा. त्यांचं काम अर्धं ऱ्हायला नगं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पर काकीच व्हय म्हणाल्यावर मी काय बोलनार?

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड मांडला. भजी, नानांच्या आवडीची बुंदी, च्याचा कप. कावळ्याला वाट करून मानसं मागं सरली. बाभळीवर कावळं लय हुतं. तेवढ्यात ह्येनी सांगलीच्या लग्नाच्या शूटिंगवाल्याकडनं आणल्याला ड्रोन वर सोडला. घोंऽऽ करत त्यो पिंडावर घिरट्या घालाय लागला आनि कावळं पसार.

बॅटरी बदलायला खाली घेतला, की कावळं बाभळीवर हजर. परत सोडला, की उडालं. मी ह्येंच्या कानाला लागले. "आवं, त्या मशिनीला भित्यात ती. खाली घ्या."

"गप गं. मानसांची तोंडं बघ. असा सीन मागून मिळत न्हाई. लांबू दे अजून."

तिकडं मानसं हात जोडाय लागली. कावळा शिवंना म्हंजे नानांची कायतरी इच्छा ऱ्हायली. धाकटा भाऊ जोतिबा पुढं झाला. "दादाचा जीव सोनियात अडकलाय." सोनिया म्हंजे नात, बिनआईबापाची, नाना-काकींनीच वाढवल्याली. सांगलीला नर्सिंग शिकती. जोतिबानं तिला स्थळ आणलं हुतं, ते नानांनी परत धाडल्यालं. आता त्याला आयतंच घावलं. "वयनी, शिकणं बास म्हना. औंदा लगीन लावती म्हना, मग बघा."

काकीनं पोरीकडं बघितलं, मग पिंडाकडं. ऊन रखरखत हुतं. "व्हय वो धनी," ती रडत म्हणाली, "सोनियाला काढते शाळंतनं. औंदाच उजवते. पर आता जेवा."

नेमकी तवाच बॅटरी संपली. ड्रोन खाली आला, आनि झप्पदिशी कावळा उतरून पिंडाला शिवला. समद्यांनी हात जोडलं. सोनिया मटकन खाली बसली. आनि आमचं मालक पुटपुटलं, "ओके! एका टेकात!"

माज्या अंगाची आग आग झाली. आपल्या मानसाची एवढी लाज मला जल्मात वाटली न्हवती. दहाव्याला दिल्याला शबूद आमच्यात कुनी मोडत न्हाई. "सांगा त्यास्नी खरं," मी ह्यास्नी म्हणलं. ह्येनी मान फिरवली.

मग मीच वरडले. "काकी, नाना कशात अडकलं न्हवतं! कावळं ह्या मशिनीला भीत हुती! उडवा वो परत. समद्यांम्होरं उडवा!"

ह्येनी नवी बॅटरी घातली, ड्रोन वर गेला. भातावर तुटून पडल्यालं कावळं भर्रकन उडालं. खाली घेतला, परत आलं. ह्येंचं तोंड काळंठिक्कर पडलं.

"काय बी असू दे," जोतिबा म्हणाला, "शबूद त्यो शबूद."

"म्या शबूद धन्याला न्हाई दिला भावजी, ह्या मशिनीला दिला," काकी म्हणाली. "पोरगी उद्या सांगलीला जाईल."

ह्येनी काकीचं पाय धरलं. मला वाटलं, आता शिव्या घालंल. घालायलाच पायजे हुत्या. पर ती ऊठ बी म्हणाली न्हाई. पिंडाकडं बघत ऱ्हायली.

"म्हंजे त्यांची कायसुदिक इच्छा न्हवती," ती म्हणाली. "नुसतं भुकेलं हुतं. आनि आमी थांबवून ठिवलं."

मग तिनं ह्येंच्या डोक्यावर हात ठिवला. "आकाराम, सिनिमात तरी कावळा लगीच शिवंल न्हवं? तिथं नगं बाबा त्यास्नी ताटकळत ठिवू."

मी त्यो ड्रोन उचलला आनि पदराखाली झाकला.