साठ मिलिमीटर

पट्टीचं टोक झिजलेलं होतं. शून्याची रेघ कधीच पुसली गेली होती, म्हणजे इथले लोक दहापासून मोजत असणार... तिनंही दहापासून मोजलं, तरी नकाशा जमेना. भिंत, दार, भिंत, खिडकी, भिंत – लिहून दिलेले सगळे तुकडे मिळून एकूण मापापेक्षा साठ मिलिमीटर कमी भरत होते. जागेवर घेतलेल्या मापांचा हा कच्चा कागद, आणि त्यावरून तासाभरात स्वच्छ नकाशा काढायचा, एवढीच इथल्या नोकरीची परीक्षा होती.

साठ मिलिमीटर म्हणजे असून असून किती, तीन बोटं. खिडकी तेवढी रुंद केली की काम फत्ते, कुणाच्या बापाला कळणार नाही – हे मनात इतक्या सराईतपणे आलं की तिची तिलाच लाज वाटली. दोन वर्षं मी दुसरं काय करतेय... इंजिनिअरिंगच्या गणितात तिसऱ्यांदा आपटल्यावर तिनं कॉलेज सोडलं, दादानं पाठवलेल्या फीमधून गुपचूप वर्षाचा ड्राफ्टिंगचा कोर्स केला, आणि दादाला मात्र दर सुट्टीत एकेक परीक्षा पास झाल्याचं सांगत राहिली. तो भोळा जीव चार लोकांत मिरवायचा, आमची इंजिनिअर म्हणून. आज सकाळीही त्यानं फोनवर बजावलं होतं, डिग्रीवाली आहेस, तीस हजारांच्या खाली उतरू नकोस.

तिनं खिडकीला हात लावला नाही. समासात लिहिलं, 'बेरीज साठने कमी. जागेवर पुन्हा मोजावे.' आणि खरं लिहितेच आहे तर... अर्जातला 'शिक्षण' हा रकाना सकाळपासून कोरा होता, त्यातही लिहून टाकलं – पदवी अपूर्ण, ड्राफ्टिंगचा एक वर्षाचा कोर्स.

मुख्य ड्राफ्ट्समनना ऑफिसात सगळे काका म्हणत. काकांनी चष्मा कपाळावर चढवून आधी समास वाचला, मग अर्ज, मग पुन्हा समास.

"सहा जणांनी खिडकी ओढून मोठी केली," ते म्हणाले. "तिथं एका खांबाचा कोपरा मोजायचा राहिलाय. मी मुद्दामच राहू दिलाय." कागद बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "पगाराची काय अपेक्षा?"

तीस हा आकडा घोकून घोकून जिभेवर बसला होता. तो तिनं गिळला.

"नव्या माणसाला तुम्ही काय देता?"

"अठरा. वर्षभरानं तुमचं काम बघून वाढ."

"आणि डिग्री असती तर?"

"पहिलं वर्ष अठराच. डिग्रीवाल्यांनाही दार कुठं उघडतं ते इथंच शिकवावं लागतं. सोमवारी या."

जिना उतरताना तिला हसू फुटलं, आणि पाठोपाठ रडूही. ज्या डिग्रीसाठी दोन वर्षं जीव मुठीत धरला, तिच्याबद्दल काकांनी एक शब्दही विचारला नव्हता. हलकं वाटत होतं, चक्क भूक लागली होती... आणि दादा? दादाला वाईट वाटेल. कदाचित महिनाभर बोलणार नाही, कदाचित जास्तही.

फोन वाजला. दादाच होता, किती म्हणालीस तेच विचारणार. त्याचा फोन उचलताना आज पहिल्यांदाच तिनं उत्तर तयार ठेवलेलं नव्हतं.