चेहऱ्याकडे झूम

भावाच्या, प्रज्वलच्या लग्नाच्या फोटोंची डिस्क करायचं काम दिव्याने हौसेने अंगावर घेतलं होतं. बाबांना मोबाइलवर धड काही दिसत नसे. त्यांना टीव्हीवर, मोठं आणि लख्ख हवं होतं. म्हणून रविवारी दुपारी पिंपळे सौदागरहून सांगवीला माहेरी येऊन ती लॅपटॉप उघडून बसली. ब्लू-रे निवडलं, फुल एचडी निवडलं, कडेच्या नातेवाइकांची डोकी कापली जाणार नाहीत असं बघितलं. नाहीतर मावश्यांनी तिला सोडलं नसतं. शेवटी ‘चेहऱ्याकडे झूम’वर टिचकी मारली. प्रोग्राम आपणच चेहरे शोधून त्यांभोवती चौकट आखतो आणि फोटो हळूहळू तिथं जवळ जातो.

देवकाच्या फोटोत बाबांवर, म्हणजे उद्धवरावांवर, दोन चौकटी उमटल्या. एक चेहऱ्यावर. दुसरी कमरेवर.

मशीनच ते, चुकायचंच, म्हणत तिने पुढचा फोटो घेतला. तिथेही कमर. अक्षता, पंगत, सगळीकडे तेच. तेव्हा मात्र तिला आठवलं. आई, सावित्रीबाई, जाऊन दोन वर्षं झालेली; विधीला जोडीदार हवी म्हणून गुरुजींनी बाबांच्या कमरेला सुपारी खोचली होती. “याच सावित्रीबाई. कार्य उरकलं की नदीत सोडा,” असं बजावलंही होतं.

तिने गेल्या आठवड्यातला, याच खोलीतला फोटो घातला. बाबा साध्या लेंग्यात बसलेले. चौकट पुन्हा कमरेवर.

“बाबा, सुपारी सोडली नाहीत?”

चोरी पकडल्यासारखं हसत उद्धवरावांनी नेफ्यातून सुपारी काढली. “न्हाई सोडवली गं. रोज म्हनती, चला आता. मी म्हनतो, थांब की जरा. थांबती बिचारी.”

आई असली म्हणून काय झालं, भीती ती भीतीच. दिव्याने त्यांचं काही ऐकलं नाही. स्कूटरवर मागे बसवून त्यांना मुळा नदीच्या घाटावर नेलं. “तू म्हनतीस तर सोडतो,” म्हणत त्यांनी ओंजळ पाण्यात बुडवली आणि उघडली.

घरी येऊन तिने फोटो नव्याने चढवले. कमरेवरची चौकट गेली होती. तिला हायसं वाटलं. प्रज्वलवर चौकट होती, नवरीवर होती, गुरुजींवरही होती. बाबांच्या चेहऱ्यावर मात्र एकाही फोटोत नव्हती. तिने सेटिंग बंद करून परत लावलं. तरी नव्हती.

उद्धवराव शेजारीच बसून बघत होते.

“समद्यांची तोंडं जवळ येत्यात,” ते म्हणाले. “माझंच का येत न्हाई गं?”

दिव्याने त्यांचा हात घट्ट धरला. हात गार पडला होता. नदीच्या पाण्यानं असेल, असं ती स्वतःला सांगत राहिली.