वरून मत्तय, खालून लूक

माझ्या लेकीच्या लग्नात चर्चमध्ये वेदीमागे लावायचा पडदा आम्ही दोघी जावांनीच भरायचा असं ठरलं, तेव्हा मला वाटलं, भांडण झालंच तर दोऱ्याच्या रंगावरून होईल. आमचं शिवणकामाचं दुकान आहे. दोघींचेही नवरे देवाघरी गेले, त्यानंतर दुकान आणि माझी मुलगी, दोन्ही आम्ही मिळूनच सांभाळली. धाकटीला मूलबाळ नाही. मुलगी तिला काकू म्हणते, पण लाड सगळे तिच्याकडून करून घेते. माझ्या वाट्याला उरलं ते ओरडण्याचं खातं, आणि ते मी चोख चालवलं.

पडद्यावर येशूची धन्यवचनं, म्हणजे कोणकोण धन्य ते सांगणारी वचनं, भरायची होती. पडदा हा एवढा मोठा, हाताशी दिवस थोडे. म्हणून मी वरून सुरुवात करायची, तिने शेवटच्या ओळीपासून एकेक ओळ वर सरकायचं आणि मधे भेटायचं, अशी अक्कल मीच चालवली. भरलेलं कापड मळू नये म्हणून जिचं तिने गुंडाळून ठेवायचं, हीही माझीच हुशारी.

लग्नाच्या आदल्या दिवशी पडदा कापणीच्या टेबलावर पसरला. माझ्या भागात नम्र, दयाळू, शांती करणारे, सगळे धन्य. त्याखाली तिच्या सुबक टाक्यांत श्रीमंतांची, पोट भरलेल्यांची आणि आता हसणाऱ्यांची खरडपट्टी. सगळ्या गोतावळ्याला हौसेने जेवायला बोलावलं होतं आणि वेदीमागे हे!

बायबलात ही वचनं दोन शुभवर्तमानांत आहेत; मी मत्तय उघडला होता, बाईसाहेबांनी लूक. मी तोंड सोडलं. खालचा भाग कापूनच टाकते म्हणाले आणि कात्री उचलली. शेवटी लेक जाऊन चर्चच्या पाळकांना घेऊन आली.

पाळकांनी पडदा वरपासून खालपर्यंत वाचला आणि पोट धरून हसले. मग खुर्ची ओढून त्यांनी समजावलं. मत्तयात प्रभू डोंगरावर चढून शिकवतो, लूकमध्ये सपाट जागी उभा राहून. एकात आत्म्याने दीन असलेले धन्य, दुसऱ्यात साधे गरीब. मत्तयात तिथे आशीर्वादच आहेत, लूकमध्ये आशीर्वादांमागून कानउघाडणी येते. मी विचारलं, मग यातलं खरं कुठलं? ते म्हणाले, तुम्ही लेकीला एकच गोष्ट दर वेळी त्याच शब्दांत सांगता का? शिवाय ऐकणाऱ्यांनीही आपापल्या मनाला भिडलं ते जपलं असेल.

उत्तर पटण्यासारखं होतं, पण लग्न उद्यावर आलं होतं. मी कात्री खाली ठेवली नाही.

तेव्हा धाकटी हळूच म्हणाली, "ताई, मी खालून वर येत होते ना, म्हणून रागावणं आधी आलं. आशीर्वाद वरच्या ओळींत होते. तिथं पोचेपर्यंत कापडच संपलं."

जिने पोरीला अंगाखांद्यावर वाढवलं, तिचा आशीर्वादच पोरीच्या पडद्यावर नव्हता. सगळी जागा माझ्या आशीर्वादांनी अडवली होती.

कात्री मी चालवलीच, पण दोघींच्या कामाच्या मधे, आणि तिथे नवी पट्टी जोडली. गरीब, उपाशी, रडणारे, लोकांनी झिडकारलेले, सगळे तिने दिवस मावळायच्या आत भरले. मी तोंड मिटून सुईत दोरे ओवून दिले, हे दुकानात कुणाला सांगून पटलं नसतं. पडदा लांबून जमिनीवर लोळायला लागला, तेव्हा कानउघाडणीसमोर फुलांच्या कुंड्या मांडल्या. ज्याला गरज असेल तो वाकून वाचेल, असं पाळक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लग्नात पाळकांनी विचारलं, या मुलीला कोण देत आहे? मी एकटीने पुढे होऊन 'मी' म्हणायचं, असं ठरलं होतं. मी धाकटीचा हात धरून तिला पुढे ओढलं आणि म्हणाले, "आम्ही दोघी."

त्याच वेळी ती म्हणाली, "हिची आई."

पाळक गोंधळून आमच्याकडे आळीपाळीने बघायला लागले. लेकीने तोंडावरची जाळी बाजूला केली.

"दोन्ही खरं आहे, पाळकसाहेब," ती म्हणाली. "पुढचं घ्या."