उ म्हणजे उजवी

सिंगापुरात बर्फ दिसतो तो हॉकर सेंटर नावाच्या खाऊगल्लीतल्या सरबतात, नाहीतर मासळीवाल्याच्या ट्रेमध्ये. अशा गावात, बुकित बातोकच्या एका वर्कशॉपमध्ये, संजीवनीच्या वाट्याला काय यावं, तर स्नोमोबाइल! पुढे दोन स्की, मागे रुंद पट्टा आणि मधे फोर-स्ट्रोक इंजिन. दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या एका संशोधन जहाजाच्या पोटात समुद्राचं पाणी शिरलं, त्यात ही गाडी न्हाऊन निघाली, आणि जहाज डागडुजीला इथे थांबल्यावर ती वर्कशॉपच्या दारात आली. "पण मम्मा, इथे स्नोच नाही. टेस्ट कुठे करणार, लाह?" असं लेक गार्गीने इथल्या सिंगापुरी ढंगात विचारलं होतं. पोरगी दहा वर्षांची, पण प्रश्न बिनतोड.

संजीवनी मेकॅनिकल इंजिनिअर. लग्न, गार्गी, नवरा प्रबोधची तांजोंग पगारमधली नोकरी, या सगळ्यात तिची दहा-अकरा वर्षं घरातच गेली. चार महिन्यांपूर्वी वर्कशॉपचे मालक शैलेंद्र सर यांनी तिला कामावर घेतलं खरं, पण "पक्कं करायचं महिनाअखेरीस बघू" हे त्यांचं पालुपद काही सुटत नव्हतं. तिच्या सहीने बाहेर पडणारी ही पहिलीच मशीन. नीट गेली तर नोकरी पक्की, नाहीतर पुन्हा घरी. आणि पुन्हा घरी बसणं तिला नको होतं, अगदी मनापासून नको होतं.

गाडी खोलली होती रघुवीरकाकांनी. तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस, आवाज असा की धडधडत्या इंजिनाशेजारी उभं राहून बोलले तरी शब्द न् शब्द ऐकू यावा. त्याच आवाजाने दगा दिला. घशात गाठ निघाली, साधीच निघाली, पण ऑपरेशननंतर डॉक्टरांनी पंधरा दिवस तोंडाला कुलूप लावलं. इंजिन खोललेलं, काका घरी, आणि जोडायचं काम आलं संजीवनीवर.

काकांनी सुट्या भागांवर चिकटपट्ट्या लावून मराठीत खुणा करून ठेवल्या होत्या. स्कींवर 'डा' आणि 'उ', डावी आणि उजवी. सगळं सरळ चाललं होतं. मग ती आली एअरबॉक्सपाशी, म्हणजे इंजिनाला गाळलेली हवा पुरवतो त्या डब्यापाशी. डब्याला डावीकडे एक तोंड, उजवीकडे एक. त्यांना लावायच्या रबरी नळ्या दोन, जुळ्या बहिणींसारख्या. जाडी तीच, लांबी तीच. एकीची पट्टी धुताना निघून गेलेली. दुसरीवर काकांच्या ठसठशीत अक्षरात 'उ'. मॅन्युअल बघावं तर ते खाऱ्या पाण्यात भिजून पापड झालेलं. काकांना मेसेज करावा असं क्षणभर वाटलं तिला. पण एवढ्याशा गोष्टीसाठी आजारी माणसाला काय छळायचं? शिवाय हिला साधी नळी लावता येत नाही, असं त्यांना वाटायला नको. उ म्हणजे उजवी. अजून काय असणार, कपाळ?

मंगळवारी सकाळी इंजिन पहिल्याच झटक्यात चालू झालं. जहाजावरून मारिट नावाची बाई आली होती. उंच, मोजकं बोलणारी. बर्फावर ही गाडी चालवणार ती हीच. संजीवनीने काकांना फोन लावून तो इंजिनापाशी धरला. त्यांचं आधीच ठरलं होतं: फोनवर बोटाने एकदा टकटक म्हणजे ठीक, दोनदा म्हणजे चूक. काकांनी मिनिटभर ऐकलं आणि एकदाच वाजवलं. संजीवनीने जॉबशीटवर सही ठोकली, मारिटने तिच्याखाली केली. गाडी न्यायला ट्रक दुपारी दोन वाजता येणार होता.

आनंद इतका झाला की जेवणाच्या सुट्टीत ती मऊ भाताचा डबा घेऊन तडक काकांच्या घरी गेली. दोन बस स्टॉपवर तर घर. दार सुमित्राकाकूंनी उघडलं.

"ये गं बाई, निदान बोलणारं कुणी तरी आलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच हा माणूस माझं सगळं ऐकून घेतोय, आणि आता मलाच करमत नाहीये!"

काकांनी डोळे वटारले. हातात लिहून बोलायला लहान मुलांची पांढरी पाटी आणि पेन होतं.

काका डबा उघडून भात खायला बसले, काकू ताक करायला उठल्या. त्यांच्यामागून संजीवनी स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजवर चिकटवलेल्या कागदापाशी थबकली. अक्षर काकांचंच. 'श्वा ४, उ ८, दहा वेळा.'

"काकू, हे उ म्हणजे?"

"उच्छ्वास गं. डॉक्टरांनी दिलेला व्यायाम. चार मोजत श्वास घ्यायचा, आठ मोजत सोडायचा. अख्खा शब्द लिहायचा म्हटलं की यांच्या जिवावर येतं."

संजीवनीने कागद फ्रिजवरून काढला. इंजिनही उच्छ्वास टाकतं. त्याच्या आतली तेलकट, दमट वाफ एका नळीने एअरबॉक्समध्ये परत येते. ती कागद हातात घेऊनच बाहेर आली.

"काका, नळीवरचा उ म्हणजे उजवी ना?"

काकांचा घास हातातच राहिला. त्यांनी पाटी ओढली. 'उच्छ्वास. डाव्या तोंडाला. तू कुठे लावलीस?'

"उजव्या."

काका भराभर लिहीत गेले, पुसत गेले. डावं तोंड इंजिनाला खेटून, उबेत. उजवं थंड हवेच्या वाटेवर. सिंगापुरात दोन्ही सारखीच. तिकडे वाफ नळीतच गोठेल, नळी बंद होईल, आतला दाब सील फोडून तेल बाहेर काढेल. 'आवाजात कळत नाही. मलाही नाही कळलं.' मग जरा थांबून त्याच्याखाली लिहिलं: 'अक्षर माझंच.'

बस स्टॉपवर उभी असताना संजीवनीच्या मनात नको ते आलंच, खोटं कशाला सांगा? सही झाली होती. इंजिन चालत होतं. बिघडलं तरी हजारो मैलांवर बिघडणार, आणि सील काय, कुणाचंही जातं. कुणाला पत्ता लागणार नव्हता. उलट सांगितलं तर शैलेंद्र सर महिनाअखेरीचीही वाट बघणार नाहीत. तिला रडूच यायला लागलं. पण सकाळी मारिट सीटवर बसून कशी खुशीत हँडल फिरवून बघत होती, ते काही डोळ्यांपुढून हलेना. बस यायच्या आतच तिने फोन लावला.

"सर, ट्रक आला तर थांबवा. नळ्या मी उलट्या लावल्यात."

"अगं, चालतेय ना? सही झालीय ना? मग उकरून काढायची हौस कशाला?"

"सर, इथे चालतेय."

सरांनी फोन ठेवून दिला.

ती पोचली तेव्हा ट्रक दारात होता आणि मारिट गाडीपाशी. संजीवनीने काकांना फोन लावला, चालू ठेवूनच टूलबॉक्सवर ठेवला, म्हणजे अडलं तर दोनदा वाजवतील. मग मारिटपुढे उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. काय चुकलं, का चुकलं, नि कळलं ते फ्रिजवरच्या कागदावरून. काकांचं नाव मात्र घेतलं नाही. "विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही," एवढंच म्हणाली.

"अशीच गेली असती तर किती चालली असती?" मारिटने विचारलं.

"दोन दिवस. फार तर तीन."

"तिसऱ्या दिवशी आम्ही तळापासून सगळ्यात लांब असतो," मारिट म्हणाली आणि बाकावरची बॅटरी उचलून उजेड दाखवायला वाकली.

चाळीस मिनिटं लागली. क्लॅम्प सैल केले, नळ्यांची अदलाबदल केली, क्लॅम्प पुन्हा आवळले. 'उ'ची पट्टी संजीवनीने सोलून काढली आणि नव्या पट्टीवर अख्खा शब्द लिहिला: उच्छ्वास. मारिटच्या सांगण्यावरून खाली इंग्रजीतही. जॉबशीटवरची सकाळची सही खोडली, शेजारी वेळ घालून नवी केली. शैलेंद्र सर हाताची घडी घालून सगळं बघत होते. "उद्या वेळेवर ये," एवढं बोलून ते ट्रकवाल्याकडे वळले.

इंजिन चालू केलं. आवाज तोच, सकाळसारखाच, तसूभरही फरक नाही. टूलबॉक्सवरून एकदाच टकटक ऐकू आली.

संजीवनीने फोन उचलला. "काका, सकाळीही एकदाच वाजवलं होतंत. आता मी काय समजायचं?"

फोन बंद झाला. मग मेसेज आला. काकांच्या मेसेजमध्ये पहिल्यांदाच सगळे शब्द पुरते होते.

'सकाळची इंजिनाला होती. ही तुला.'