कपड्याची चौकशी

शिंपीकामात मास्तरांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि नियमांच्या बाबतीत तर त्यांच्या वाटेला कोणी जातच नसे. सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराच्या, मदतपेटीचे ते बावीस वर्षं विश्वस्त होते. कोणी चुकून त्या कामाला दानधर्म म्हटलं की मास्तर हातातली कात्री खाली ठेवत.

"दान नाही, त्झेदाका. म्हणजे न्याय. त्याचं जे आपल्याकडे राहून गेलंय, ते त्याला परत द्यायचं. उपकार कसले डोंबलाचे?"

हे बोल मुळात त्यांचे नव्हते. लहानपणी ज्या बाईंनी त्यांना हिब्रू अक्षरं गिरवायला शिकवली, त्यांचे होते. 'डोंबलाचे' तेवढं मास्तरांनी पदरचं घातलं होतं.

त्या बाई एका सोमवारी दुकानात आल्या. वय पंच्याऐंशी, मागेपुढे कोणी नाही, पण चालणं अजून वर्गात शिरल्यासारखं. मास्तर उठून उभे राहिले.

"बस रे, बस. जरा काम होतं."

"सांगा ना, बाई."

बाईंनी टेबलावरचे सुटे दोरे चिमटीत गोळा केले, पुन्हा खाली ठेवले. मग म्हणाल्या, "पेटीतून मला एक कोट मिळेल का?"

मास्तरांना भरून आलं. ज्यांच्या हातची पट्टी खाल्ली, त्यांना आपल्या दारात यावं लागलं. त्यांनी लगबगीनं टेप काढली. वहीत बाईंची चार वर्षांपूर्वीची मापं होती, एका झग्याची. छाती पाच इंचांनी कमी भरली, कंबर सहा.

"वाळलात हो, बाई."

"वय झालं. माणूस आटतो."

मास्तर हसले आणि नवी मापं लिहून घेतली. चाळीस वर्षं माणसं मापणाऱ्याला सहा इंच म्हणजे काय ते कळू नये, याला काय म्हणावं! पण माणसाचं लक्ष आपल्या चांगुलपणावर असलं की टेपवर राहत नाही.

"दोन-तीन दिवस लागतील, बाई. चौकशी करावी लागते. नियम तुम्हीच शिकवलात."

नियम जुना होता. अन्न मागणाऱ्याला एक शब्द न विचारता द्यायचं, कारण भुकेला दम नसतो. कपडा मागणाऱ्याची मात्र आधी चौकशी करायची, कारण त्यात ढोंगी फार.

"हो," बाई म्हणाल्या. "कपड्याची करायची. तूच येशील ना?"

"मीच. दुसऱ्या कोणावर सोडत नाही मी."

बाईंचा चेहरा जरा सैल झाला. त्या सावकाश पायऱ्या उतरून गेल्या.

बुधवारी मास्तर बाईंच्या इमारतीत गेले. बाई तिसऱ्या मजल्यावर राहत. तळमजल्यावरच्या शेजारणीनं त्यांना दारातच गाठलं आणि कशाला आलात ते काढून घेतलं. या शेजारणीला सगळ्यांच्या घरातली खडान्‌खडा माहिती, स्वतःच्या घरातली सोडून.

"कोट? अहो, त्यांच्या खुंटीला लटकतोय की! चांगला जाडजूड, अस्तराचा. भाऊ होता तेव्हा त्यानं दिलेला."

मास्तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर थबकले. त्यांना राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. पेटीच्या कपाटात एकच कोट होता आणि तो आधीपासून मागणारा गोदामाचा पहारेकरी फाटक्या सदऱ्यात कुडकुडत होता. ज्या बाईंनी न्याय शिकवला, त्यांनी दुसऱ्याच्या वाट्याचं मागावं? वर जाऊन विचारावं असं क्षणभर मनात आलं. पण बाई ओशाळतील, उतारवयात त्यांची शोभा कशाला करा, असं म्हणून ते मागे फिरले. दया दाखवायला त्यांना नेमकी हीच वेळ सापडली. कोट त्याच दिवशी पहारेकऱ्याला गेला.

पुढच्या मंगळवारी शेजारणीनं कुलूपवाला बोलावून बाईंचं दार उघडलं.

कफन शिवायचं काम मास्तरांचंच होतं. गरीब असो, श्रीमंत असो, सगळ्यांना तेच पांढरं सुती कापड; त्याला खिसा नाही, दोऱ्याला गाठ नाही आणि मागणाऱ्याची चौकशी नाही. मापं ताजी होती. मास्तरांनी ते तासाभरात शिवून दिलं. बायांनी बाईंना आंघोळ घातली, त्यांत मास्तरांची बायकोही होती. सगळं आटोपून ती दुपारी घरी आली आणि चपला न काढताच दारात बसली.

"हाताला नुसती हाडं लागली हो. स्वयंपाकघरात पाणी आणायला गेले, तर डबे सगळे घासूनपुसून ओळीनं मांडलेले. एकात मीठ होतं. बाकीच्यांत काही नाही."

मास्तरांनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"तुमच्याकडे आल्या होत्या ना? काय मागितलं?"

"कोट."

"कोट कशाला? होता की त्यांना."

कशाला, ते मास्तरांना आता कळलं होतं. भाकरी मागितली असती तर त्याच मिनिटाला मिळाली असती, आणि हे बाईंइतकं कोणालाच पक्कं ठाऊक नव्हतं. पण आपल्या विद्यार्थ्यापुढे तो शब्द त्यांच्या जिभेवर येईना. म्हणून त्यांनी कोट मागितला. कोट मागितला की चौकशी होते. चौकशीला हा नियमाचा पक्का माणूस जिना चढून वर येईल, डबे बघेल, आणि आपल्याला तोंडानं काही सांगावं लागणार नाही. त्यांनी नियमावर विसंबून शेवटपर्यंत दाराकडे कान लावला असेल.

हे बायकोला सांगायचं त्यांना धैर्य झालं नाही. तिनं हातपाय धुतले, आत गेली आणि न विचारता त्यांचं ताट वाढून आणलं. मास्तरांनी ते बाजूला सारायला हात पुढे केला. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि ते जेवले.