दुपारी उभी केलेली बाज

मी बाज बोलतेय. शहागडला गोदावरीच्या पुलाच्या अलीकडे, हायवेला लागून पंक्चरचं एक दुकान आहे. त्याच्यासमोरच्या कडुलिंबाखाली मी असते. माझ्या एका पायावर कुऱ्हाडीचा घाव आहे. तो कसा बसला हे सांगायचं म्हणजे थोडं मागं जावं लागेल.

माझे चारी पाय बाभळीचे. अंबडच्या एका सुताराने ते तासले. श्रीपती आणि हरिओम, म्हणजे हरी, या दोन भावांच्या बापाने मला सुंभाने विणलं. पुढे बाप गेला, मग आई गेली. तेव्हा श्रीपती सव्वीस वर्षांचा होता आणि हरिओम चार. मधल्या दोन बहिणी लग्न होऊन आपापल्या घरी गेलेल्या. श्रीपतीने दुकानही सांभाळलं आणि पोरही सांभाळलं.

सुंभ कुजला तेव्हा श्रीपतीने मला पुन्हा विणलं. ट्रकवाल्यांनी टाकून दिलेल्या दोऱ्या गोळा केल्या होत्या, काही निळ्या, काही पिवळ्या. मी दोन रंगांची झाले. ड्रायव्हर हसायचे, पण माझ्यावर बसायला जागा मात्र धरायचे.

बाज वापरून सैल पडते. मधे झोळ येतो. दर पंधरा दिवसांनी श्रीपती माझ्या पायथ्याच्या दांड्यावर पाय रोवायचा आणि पायथ्याची दोरी एकेक फेरा ओढून ताणायचा. ताणून झाल्यावर हातभर टोक उरायचं. ते टोक त्याने कधी कापलं नाही. दुपारी तो हरीला माझ्यावर निजवायचा आणि ते टोक हरीच्या पायाला बांधायचा. समोरच हायवे. पोरगं उठून रस्त्यावर पळालं तर?

"दादा, सोड ना. मला झोप येऊन न्हाई राह्यली."

"मला तरी कुठं येऊन राह्यली? तुझ्यामुळं पडलोय मी."

ते खरं होतं. श्रीपती तेव्हा दुपारी झोपत नव्हता. हरीच्या पाठीवर हात ठेवून नुसता पडायचा. पोराचा श्वास लांबला की हळूच उठून कामाला लागायचा. जाग आली की हरी बोंबलायचा, "दादाऽ, सोड!" आणि श्रीपती काळ्या हातांनी धावत यायचा. गाठ सुटायची, पण पोराच्या पायावर रोज काळे डाग राहायचे.

हरीची शाळा सहावीत सुटली. तो दुकानात आला. हात चांगला होता, डोकं मात्र तापट. मनात आलं की करून मोकळा, विचार नंतर.

श्रीपतीने पंचेचाळिशी ओलांडली आणि एका दुपारी तो माझ्यावर बसला. मग कोपर टेकवलं. मग आडवा झाला.

दुपारची झोप माणूस आधी चोरून घेतो, हे मी पाहिलंय. श्रीपती हातात पाना धरून झोपायचा. कोणी आलं तर वाटावं, हा आत्ताच जरा टेकला आहे. हरी विचारायचा, "झोपला का दादा?" तो डोळे न उघडता म्हणायचा, "न्हाई रे. इचार करून राह्यलो." आणि पाना छातीवर वरखाली होत राहायचा.

आधी दहा मिनिटं. मग अर्धा तास. मग चहा येईपर्यंत. तारावहिनी, म्हणजे श्रीपतीची बायको, चहा घेऊन यायची आणि गरम कप त्याच्या तळपायाला लावायची. तो दचकून उठायचा आणि आपण झोपलोच नव्हतो म्हणून सांगायचा.

ड्रायव्हर चेष्टा करायचे. "श्रीपतराव, हवा भरू का?" सगळ्यांत मोठ्याने हरी हसायचा. पण ते हसणं पुढं पुढं कडू झालं. त्याचा दादा एका हाताने ट्रकचं टायर उभं करणारा माणूस. तो म्हातारा होतोय, हे त्याला बघवत नव्हतं.

आणि एक गोष्ट मला ठाऊक होती. श्रीपती माझ्यावर पडला की त्याचे ठोके माझ्या दोऱ्यांत यायचे. दोन ठोके, मग थांबणं, मग घाईघाईने तीन. मला वाटलं, वय झालं की असंच होत असेल. मला वाटलं तरी काय, आणि कळलं असतं तरी काय. मला आवाज नाही.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. दोन ट्रक येऊन उभे होते. ऊन असं की पाना उचलला तर हात भाजावा. एक ड्रायव्हर हरीला म्हणाला, "आता घंटाभर थांबावं लागंल की. तुझ्या दादाच्या झोपंची येळ झाली." हरीचं डोकं फिरलं. त्याने मला उचललं आणि दुकानाच्या भिंतीला उभं केलं.

श्रीपती ट्यूब घेऊन आला. "बाज कुठं गेली रे?"

"उभी केली. दिवसा लोकांच्या घरी बाज उभीच असती. आन् तू काय म्हातारा न्हाई झाला, दादा. आडवा पडून पडून होऊन राह्यला."

श्रीपतीने माझ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि हसला. "बराबर हाय. बिलकुल बराबर." मग दुकानामागच्या घरात जेवायला गेला.

जेवून आला तेव्हा दोन वाजले होते. तो माझ्याजवळ आला आणि माझ्या दांड्यावर हात ठेवला. हात गार होता, त्या उन्हात. मला खाली घ्यायला त्याला एक हात पुरला असता. हरी पाठमोरा जॅक लावत होता. श्रीपतीने त्याच्या पाठीकडे पाहिलं आणि माझ्यावरचा हात काढून घेतला. धाकट्याचा शब्द राखला त्याने.

तो जमिनीवर बसला. टायरला टेकला. हातात पाना घेतला, डोळे मिटले.

"नाटक बंद, दादा," हरी ट्रकखालून म्हणाला. "पाना दे इकडं."

पाना आला नाही.

"दादा, दोन गाड्या उभ्या हायेत! जल्दी कर ना!"

पाना हातातून सुटून पडला. तो आवाज हरीने ऐकला. तो सरपटत बाहेर आला. मग त्याने धावत येऊन मला भिंतीपासून ओढलं, असं की माझा एक कोपरा खिळखिळा झाला. श्रीपतीला माझ्यावर निजवलं. हरी आणि तो ड्रायव्हर, दोघांनी मला उचलून, हायवेवर थांबवलेल्या एका टेम्पोत ठेवलं. दवाखान्यापर्यंत सगळ्या रस्त्याने हरी एकच बोलत होता. "झोप दादा. झोप तू. मी काय म्हणत न्हाई. झोप." मी माझ्या दोऱ्यांत ठोके शोधत होते. एकही सापडला नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय बऱ्याच दिवसांपासून थकलेलं होतं, कधीही झालं असतं. हरीने त्यातलं काही ऐकलं नाही.

दहाव्या दिवशी भावकीतले लोक म्हणाले, गेलेल्याची बाज दारात ठेवू नये, कोणाला तरी देऊन टाका. "देत न्हाई. जाळतो," हरी म्हणाला आणि कुऱ्हाड घेऊन आला. पहिला घाव माझ्या पायावर बसला. तोच आजही आहे. मला राग आला नाही. त्याने मला उभं केलं होतं, हे घरात फक्त त्याला आणि मला माहीत आहे, असं मला वाटत होतं. त्याला साक्षीदार नको होता.

दुसऱ्या घावाला तारावहिनीने कुऱ्हाडीचा दांडा धरला.

"सोडा वैनी! मीच उभी केल्ती ही बाज. दादाला पडायचं होतं, मी पडू न्हाई दिलं. मीच मारलं दादाला!"

"मला ठाऊक हाय, हरी."

हरीने कुऱ्हाड खाली टाकली.

"जेवताना सांगितलं त्यांनी. हसून हसून ठसका लागला. म्हणले, आज हरीनं मला मास्तरावानी उभं केलं. पोरगं मला म्हातारं होऊ देईना."

"मंग तुम्ही मला बोलल्या का न्हाई? दहा दिस झाले!"

"काय बोलू? मीबी हसले ना त्यांच्यासंगं. म्हणले, बरं केलं पोरानं." तारावहिनी तिथंच मातीत बसली. "त्यांनी दोनच घास खाल्ले होते रे. मी बघितलं, आन् हसत बसले."

कुऱ्हाड तिथंच पडून राहिली. मला कोणी दिलं नाही आणि जाळलंही नाही.

त्या दिवसापासून मी आडवीच आहे. पावसात भिजले, तरी हरीने मला उभं केलं नाही. माझी दोरीही ताणली नाही. माझ्या मधोमध श्रीपतीच्या अंगाचा झोळ तसाच होता, खांद्याकडे रुंद, कमरेकडे खोल. हरी तिथे कोणाला बसू देत नव्हता. स्वतःही बसत नव्हता.

वर्ष झालं. परवा दुपारी बीडकडचा एक म्हातारा ड्रायव्हर आला. त्याचं चाक खोलायला वेळ लागणार होता.

"जरा पडू का रे बाबा बाजेवर?"

"तिथं न्हाई. दुसरीकडं पडा."

"बरं," म्हातारा म्हणाला. मुकाट्याने जमिनीवर बसला, टायरला टेकला आणि डोळे मिटले.

हरीने वळून पाहिलं. हातातलं सगळं टाकून धावला आणि म्हाताऱ्याचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं. "काका! ओ काका! उठा, उठा!"

"अरे, जित्ता हाय मी!" म्हातारा घाबरून ओरडला. "झोपू दे की! काय पोरगं हाय!"

हरी मटकन खाली बसला. हसतोय की रडतोय, मला कळेना. मग म्हाताऱ्याचा हात धरून त्याने त्याला माझ्यापाशी आणलं. म्हातारा बसला तर त्याची पाठ मातीला टेकायला आली, इतकी मी सैल झाले होते.

"थांबा, काका. उठा थोडं."

हरीने पायथ्याच्या दांड्यावर पाय रोवला. अगदी दादासारखा. एकेक फेरा ओढू लागला. माझ्यातला झोळ वर येऊ लागला. आधी कमरेची जागा गेली, मग खांद्यांची. श्रीपतीचं जे काही माझ्यात उरलं होतं, ते मी सपाट होत गेले तसं जाताना पाहिलं. हरीनेही पाहिलं. तरी त्याने हात थांबवला नाही.

म्हातारा झोपला. त्याचे ठोके सरळ होते, एकामागून एक.

तुमच्या घरी कोणी दुपारी पडायला लागलं असेल, तर त्याला पडू द्या. हसायचं तर हसा, पण जवळ बसून हसा. बाजेला सगळं जाणवतं, तिला सांगता मात्र येत नाही. तुम्हाला सांगता येतं.

हरी माझ्या पायथ्याशी मातीत बसला होता. ताणून उरलेलं दोरीचं टोक त्याच्यापुढे लोंबत होतं. त्याने ते हातात घेतलं, स्वतःच्या घोट्याभोवती गुंडाळलं आणि गाठ मारली. मग म्हाताऱ्याला जाग येऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाला, "दादा, सोड."

गाठ सोडायला कोणी आलं नाही.