तांब्याची नळी

बॅप्टिस्ट मिस्त्रीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि ही गोष्ट गोखिवऱ्यात कुणालाच ठाऊक नाही अशी त्याची पक्की समजूत होती. समोरचा माणूस त्याला आवाजावरून कळायचा, पाना हाताच्या मापावरून, आणि पेट्रोल की रॉकेल ते वासावरून. एवढ्या भांडवलावर पठ्ठ्यानं दोन वर्षं गॅरेज रेटलं. मुलगी ग्रेसीनं डॉक्टरला डोळे दाखवायचं नाव काढलं की अंगावर यायचा. डोळ्याला पट्टी बांधलेल्या मिस्त्रीकडे कोण गाडी आणणार? गॅरेज सुटलं की आपण संपलो, हे त्यानं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

जावई फेबियन आठ वर्षं त्याच्या हाताखाली. कामाला वाघ, पण सासऱ्याच्या तोंडी त्याचं नाव कायम 'गाढव'. जानेवारीत निर्मळच्या एका मास्तरांची स्कूटर दुरुस्त होऊन गेली आणि उतारावर तिचा ब्रेकच लागेना. मास्तरांचा पाय मोडला. ब्रेकच्या तारेचा नट बॅप्टिस्टनं स्वतःच्या हातानं आवळला होता, म्हणजे आवळायचा राहिला होता. पण मास्तरांची माणसं भांडायला आली तेव्हा त्यानं सगळ्यांदेखत फेबियनच्या कानाखाली जाळ काढला. फेबियननं गाल चोळला आणि पुन्हा कामाला लागला. बॅप्टिस्टला वाटलं, चला, निभावलं.

अठ्ठ्याहत्तरच्या एप्रिलात सांडोरच्या फर्डिनंडनं ती गाडी आणली. केळीच्या वाड्यांचा मालक, हौसेला मोल नाही, जिभेला हाड नाही. गाडी विलायती, लाल, उघड्या टपाची, बसायला जागा दोघांनाच. मुलीच्या, क्लेमेंटीनच्या, लग्नात बापानं स्वतः चालवत नवरीला देवळात न्यायची, असा त्याचा बेत होता. अडचण एकच, मागच्या टाकीपासून पुढच्या इंजिनापर्यंतची पेट्रोलची नळी गंजून चाळण झालेली.

"मिस्त्री, जमेल का, की मुंबईला नेऊ?"

"मुंबईवाले माझ्याकडे शिकायला येतात," बॅप्टिस्ट म्हणाला.

आणि खरं सांगायचं तर काम त्यानं देखणं केलं. तांब्याची नवी नळी आणली, वळवताना चेपू नये म्हणून तिच्यात कोरडी वाळू ठासली, गुडघ्यावर हळूहळू वाक दिला, मग वाळू झटकून फुंकर मारून साफ केली. टोकं फुलवून नट बसवले. साबणाचा फेस लावून, हवा भरून बघितलं, एक बुडबुडा नाही. हे सगळं बोटांनी! गाडीखाली उताणा पडून त्यानं नळी धरायचे चाप ठोकले आणि नळी इंजिनापर्यंत नेली. फक्त एक गोष्ट तो विसरला. सायलेन्सरची लांबलचक नळी त्या दिवशी वेल्डिंगला गेली होती. हाताला जिथे मोकळी जागा लागली तिथून त्यानं पेट्रोल नेलं, आणि ती जागा सायलेन्सरची होती. डोळस माणसाला तिथले रिकामे हुक दिसले असते.

दुसऱ्या दिवशी फेबियननं सायलेन्सर परत चढवला. धगीचं लोखंड आणि पेट्रोलचं तांबं यांच्यात जेमतेम एक बोट उरलं. तो बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "बाबा, सायलेन्सर बसवला. एकदा खाली बघून घेता?"

बॅप्टिस्ट वाकला. त्याला पांढुरकं धुकं दिसलं, नेहमीचंच.

"बघितलं. झकास आहे. तू मला शिकवू नकोस, गाढवा."

"नीट बघितलंत ना?"

"सांगितलं ना बघितलं म्हणून!"

फेबियननं पाने गोळा करून पेटीत ठेवले. संध्याकाळी गाडी समुद्राकडच्या रस्त्यानं भन्नाट पळाली. वारा लागत होता ना, पेट्रोल थंड राहिलं.

दुसऱ्या दिवशी लग्नाची मिस्सा, म्हणजे देवळातली प्रार्थना, चारची होती. तीन वाजता सांडोरहून वरात निघाली. पुढे बँड, मागे लाल गाडी, गाडीमागे सगळा गाव. गाडी बँडच्या चालीनं चाललेली, म्हणजे मुंगीच्या पावलांनी. वर ऊन, खाली तापलेलं डांबर, आणि वाऱ्याचा पत्ता नाही. पाव मैलावर इंजिन खोकलं, दोन हिसके दिले आणि बंद पडलं. फर्डिनंडनं स्टार्टर मारून मारून बॅटरी रडवली. बँड थांबला. नवरीच्या चेहऱ्यावरची पावडर घामानं ओघळायला लागली.

"कुठाय तो मिस्त्री? अरे, नवरी बसलीय गाडीत, केळीचे घड नाहीत!"

बॅप्टिस्ट कोटाच्या बाह्या सावरत पुढे झाला. "कचरा अडकला असेल कार्ब्युरेटरात," तो मोठ्यानं म्हणाला.

"कचरा नाही," फेबियन शांतपणे म्हणाला. "नळीतलं पेट्रोल उकळतंय. बाबा, नळी कुठून नेलीत ते शेठना दाखवा की. काल बघितलीत ना तुम्ही?"

गर्दी गोळा झाली होती. आता नाही कसं म्हणणार? बॅप्टिस्ट नव्या पँटीनिशी डांबरावर गुडघे टेकून बसला. हात गाडीखाली घातला, चाचपला, आणि ठामपणे मूठ आवळली. तापलेल्या सायलेन्सरवर. चर्र असा आवाज झाला. तो किंचाळला आणि मागे कोसळला. पोरं हसली. बायकांनी "आई गं" केलं.

"दिसलं नाही का, बाबा?"

"दिसतं मला! सगळं दिसतं!"

"मग सांगा, माझी किती बोटं वर आहेत?"

बॅप्टिस्टनं आवाजाच्या दिशेनं मान वर केली, भाजलेला तळवा पोटाशी धरून. धुकं, नुसतं धुकं. देवा, एकदाच बरोबर येऊ दे.

"तीन," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. मग जवळच एक म्हातारी हलकेच म्हणाली, "अरे देवा, त्याचे दोन्ही हात तर खिशात आहेत."

फेबियननं शेजारच्या विहिरीवरून बादली मागवली, नळीवर पाणी ओतलं, ओलं फडकं गुंडाळलं. चार मिनिटांत इंजिन लागलं. "शाब्बास रे फेबियन, आता गॅरेज तूच बघ बाबा," फर्डिनंड ओरडला, आणि बँडनं जिथे सोडलं होतं तिथूनच गाणं उचललं. वरात पुढे सरकली. म्हाताऱ्याला वळसा घालून माणसं जात राहिली.

बॅप्टिस्ट रस्त्याच्या कडेला बसून होता. एकच आशा उरली होती, ग्रेसीची. पोटची पोर, ती नवऱ्याला सोडणार नाही, त्याची खरडपट्टी काढेल. तिच्या चपलांचा आवाज त्यानं ओळखला. ती आली, पण फेबियनपाशी थांबली.

"हात भाजला रे त्यांचा," ती म्हणाली. "एवढं नव्हतं ठरलं."

"तूच म्हणालीस ना, चारचौघांत फजिती झाल्याशिवाय ऐकायचे नाहीत?"

"म्हणाले मी. त्या मास्तरांचा पाय बघून आले होते. उद्या कुणी मेलं असतं."

मग ती बापाजवळ आली, त्याच्या दंडाला धरून म्हणाली, "उठा बाबा, घरी जाऊ." बॅप्टिस्टला तिचा हात झटकून टाकायचा होता. इतका राग त्याला जन्मात कुणाचा आला नव्हता. पण घर कुठल्या बाजूला राहिलं हे त्याला कळत नव्हतं, म्हणून त्यानं तो हात तसाच धरू दिला.